छोट्या विमानातील रेडिओची खरखर आणि इंटरकॉमचे वायरिंग : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

विमान दोन आसनी आणि पत्र्याच्या बांधणीचे आहे. इंजिन चार सिलिंडरचे, दोन मॅग्नेटो (इंजिनाच्या फिरण्यातून स्पार्क प्लगसाठी ठिणगीची वीज तयार करणारी यंत्रे) असलेले असून अल्टरनेटर, म्हणजे विमानाची वीज तयार करणारे जनित्र, १४ व्होल्टचा आहे. पॅनेलमध्ये एक व्हीएचएफ रेडिओ आणि त्याच्या शेजारी स्वतंत्र इंटरकॉम, म्हणजे आसनांवरील व्यक्तींना हेडसेटवरून आपसात बोलू देणारे उपकरण, बसवलेला आहे. तक्रारवहीत 'रेडिओत खरखर येते' एवढेच लिहिले होते. परंतु वैमानिकाला बारकाईने विचारल्यावर ही एक तक्रार नसून एकात एक मिसळलेल्या चार तक्रारी असल्याचे दिसले. इंजिन चालू असताना दूरच्या स्थानकाचे बोलणे तडतडीत बुडून जाते. हेडसेटमध्ये एक बारीक शिट्टी सतत ऐकू येते आणि इंजिनाचे फेरे वाढले की तिचा स्वर चढतो. उजव्या आसनावरील व्यक्तीचा आवाज मधूनच क्षीण होतो. आणि काही फ्रिक्वेन्सींवर बोलण्याचे बटण दाबताच कानात किंचाळी उठते.

हवाई वाहतुकीचा आवाजी संपर्क ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो आणि त्यासाठी आजही एएम पद्धत वापरली जाते. या पद्धतीत बोलणे लहरीच्या उंचीतील बदलांत दडलेले असते आणि ठिणगीचा प्रत्येक झटका नेमका त्या उंचीतच भर घालतो. एफएमचा रिसीव्हर असे उंचवटे कापून टाकू शकतो, एएमच्या रिसीव्हरला ती सोय तेवढ्या सहजतेने मिळत नाही. तरीही एएम टिकून राहण्यास एक रास्त कारण आहे: दोन विमाने एकाच वेळी बोलू लागली, तर नियंत्रकाला निदान कोणीतरी दुसरे बोलत आहे हे कळते. या सोयीची किंमत म्हणून विमानातील प्रत्येक ठिणगीचा बंदोबस्त विमानातच करावा लागतो.

गोंगाटाला हेडसेटपर्यंत पोहोचण्याचे मार्ग तीनच आहेत: अँटेनातून, वीजपुरवठ्याच्या वायरीतून किंवा आवाजाच्या वायरींतून, म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्या ग्राउंडमधून (सांगाड्याला टेकणाऱ्या परतीच्या जोडणीतून). कोणता आवाज कोणत्या मार्गाने येतो हे ठरेपर्यंत एकही भाग बदलायचा नाही आणि एकही फिल्टर लावायचा नाही, असे ठरवून कामाला सुरुवात केली आहे. प्रमाणित विमान असल्यामुळे प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक अभियंत्यांच्या देखरेखीखाली होईल आणि तिची तपासणी व नोंद तेच करतील.

५ जानेवारी

आज इंजिन बंद ठेवून केवळ बॅटरीवर तपासणी केली. मास्टर स्विच व रेडिओ एवढेच चालू ठेवून स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना रेडिओची सळसळ बंद ठेवणारी सोय) उघडला आणि मिळालेली मूळ सळसळ ध्वनिमुद्रित करून घेतली, कारण पुढील प्रत्येक तुलना तिच्याशीच करायची आहे. त्यानंतर एकेक उपकरण चालू करून प्रत्येक वेळी पट्ट्याच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत फ्रिक्वेन्सी फिरवून पाहिली.

पॅनेलखाली सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसवलेला फोनचा चार्जर काही ठराविक फ्रिक्वेन्सींवर स्क्वेल्च स्वतःच उघडत होता. अशा चार्जरमधील वीजजोडणी सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते आणि तिचे पडसाद थेट व्हीएचएफ पट्ट्यापर्यंत पोहोचतात. तो काढून टाकला. विमानासाठी म्हणून तपासलेला नसलेला चार्जर विमानात न ठेवणे हाच उपाय मला योग्य वाटतो. फेराइटचे मणी अडकवून त्याला सुधारत बसण्यात अर्थ नाही.

स्ट्रोब दिवे लावल्यावर प्रत्येक लखलखाटाबरोबर हेडसेटमध्ये एक टिचकी आणि तिच्यामागून चढत जाणारी क्षीण शीळ ऐकू येते. ही शीळ कॅपॅसिटर पुन्हा भरला जात असल्याची आहे. वैमानिकाने याचा उल्लेखही केला नव्हता, कारण मोठ्या गोंगाटाखाली ती दबलेली होती. ती तूर्त नोंदवून ठेवली आहे.

११ जानेवारी

आज इंजिन चालवून तपासणी केली. चाकांना अडसर लावले, विमान मागून बांधले, इंजिनाची जबाबदारी एका व्यक्तीकडे आणि ऐकून टिपण्याची दुसऱ्या व्यक्तीकडे दिली. इंजिन चालू असताना वायर हाताळण्यासाठी कोणीही पॅनेलखाली वाकायचे नाही. प्रत्येक बदल इंजिन पूर्ण बंद करूनच करायचा.

पहिली कसोटी रेडिओच्या आवाजाच्या बटणाची होती. आवाज शून्यावर आणताच तडतड नाहीशी झाली, शिट्टी मात्र तसूभरही कमी झाली नाही. पुढे रेडिओ पूर्ण बंद करून केवळ इंटरकॉम चालू ठेवला, तरीही शिट्टी तशीच राहिली. याचा अर्थ तडतड रेडिओच्या आवाज-नियंत्रणाच्या अलीकडून आत येते आणि शिट्टीचा रेडिओशी काहीच संबंध नाही.

दुसरी कसोटी म्हणून रेडिओच्या मागची अँटेनाची केबल काढून तिथे ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी शक्ती शोषून घेणारा रेझिस्टर, बसवला. उघड्या कनेक्टरवर चुकून बटण दाबले गेल्यास ट्रान्समीटरला इजा होऊ शकते, म्हणून जागा रिकामी ठेवलेली नाही. डमी लोडवर तडतड पूर्ण थांबली, म्हणजे ती अँटेना किंवा तिच्या केबलमार्गेच येत होती. केबल परत जोडून मॅग्नेटोचा स्विच फिरवल्यावर चित्र आणखी स्पष्ट झाले: फक्त उजवा मॅग्नेटो चालू असताना तडतड जवळपास नाही, फक्त डावा चालू असताना ती पूर्ण जोरात.

ध्वनिमुद्रणातील आकडेही हेच सांगतात. चार सिलिंडरच्या चारधावी इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, त्यामुळे मिनिटाला २,३०० फेरे असताना सेकंदाला साधारण ७७ ठिणग्या होतात, आणि तडतडीतील झटके याच वेगाने येताना दिसले. शिट्टी मात्र ३,६०० हर्ट्झच्या आसपास होती. या इंजिनात २,३०० फेऱ्यांवर अल्टरनेटर पुलीच्या गुणोत्तरामुळे मिनिटाला सुमारे ६,००० म्हणजे सेकंदाला १०० फेरे घेतो. त्यात ध्रुवांच्या सहा जोड्या आहेत आणि तीन फेजच्या सहा डायोडमधून प्रत्येक आवर्तनामागे सहा उंचवटे बाहेर पडतात. यांचा गुणाकार ३,६०० येतो. अल्टरनेटरचा फील्ड स्विच बंद करताच शिट्टी विझली, तेव्हा तिच्या उगमाविषयी शंका उरली नाही. उगम कळला म्हणजे दोष त्याच ठिकाणी आहे असे मात्र होत नाही, हे पुढील कामात लक्षात ठेवावे लागेल.

१२ जानेवारी

तडतड डाव्या मॅग्नेटोकडील असली तरी ती स्पार्क प्लगच्या वायरींतून येते की मॅग्नेटोपासून कॉकपिटमधील स्विचपर्यंत येणाऱ्या वायरीतून, हा प्रश्न उरला होता. या दुसऱ्या वायरीला हँगरमध्ये सगळे पी-लीड म्हणतात. मॅग्नेटोच्या आतील संपर्क उघडतो त्या क्षणी तिच्यावर काहीशे व्होल्टचा झटका उमटतो, आणि ही वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधील भिंतीतून) थेट पॅनेलमागे, म्हणजे रेडिओच्या कुशीत येते. काल इंजिन चालू असताना हातातला छोटा रिसीव्हर पॅनेलच्या पुढच्या बाजूने फिरवून पाहिला होता. स्विचच्या समोर तो सर्वाधिक तडतडला होता. म्हणून आज प्रथम पी-लीड तपासली.

येथे सुरक्षिततेची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. पी-लीड सुटली की मॅग्नेटो बंद होत नाही, उलट तो जिवंत होतो, आणि मग प्रोपेलर हाताने किंचित फिरला तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकते. अभियंत्यांनी प्रथम प्लगच्या वायरी सोडवल्या, त्यानंतरच पी-लीडला हात लावला.

मॅग्नेटोच्या टोकाशी शिल्ड, म्हणजे वायरीभोवतीची धातूची जाळी, कंपनाने तुटून मागे सरकली होती; आवरणाच्या आत तिचे काही केसच शिल्लक होते. तुटलेली जाळी संरक्षण देत नाही आणि लोंबकळते टोक स्वतःच अँटेनासारखे वागते. स्विचकडील टोकाला हीच जाळी पॅनेलच्या पत्र्यालाही जोडलेली होती. नवीन शिल्ड असलेली वायर टाकताना जाळी मॅग्नेटोच्या कवचाला पक्की बसवली आणि दुसऱ्या टोकाला ती स्विचच्या ग्राउंड टर्मिनललाच नेली, पत्र्याला नाही. अशा जोडणीत मॅग्नेटो बंद करणारा प्रवाह ज्या वायरीने येतो तिच्याच जाळीतून परत जातो आणि विमानाच्या सांगाड्यात भटकत नाही.

जोडणीनंतर दोन्ही मॅग्नेटोंवर फेऱ्यांतील घट तपासली आणि मंद गतीवर स्विच क्षणभर बंद करून दोन्ही मॅग्नेटो खरोखर बंद होतात याची खात्री केली. तडतड बरीच ओसरली आहे. तिचा एक पातळ अवशेष अजून उरलेला आहे, पण आता तो दोन्ही मॅग्नेटोंवर सारखाच आहे, त्यामुळे त्याचे कारण वेगळे असणार.

१८ जानेवारी

आजचा दिवस शिट्टीसाठी राखला होता. अशा वेळी पहिला सल्ला बहुधा 'अल्टरनेटरवर फिल्टर लावा' असा मिळतो आणि तो आम्हालाही मिळाला. म्हणून प्रथम अल्टरनेटरची बाजू निकालात काढली. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युतदाबाचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, आउटपुटच्या टर्मिनलवरील तरंग पाहिला. सहाही उंचवटे सारख्या उंचीचे होते. एखादा डायोड उघडा पडला असता तर सहांपैकी काही उंचवटे गळाले असते आणि कानालाही ६०० हर्ट्झच्या आसपासचा खर्जातला घोगरेपणा जाणवला असता. डायोड ठीक आहेत.

त्यानंतरच्या कसोटीने दिशा पक्की केली. इंटरकॉमचा वीजपुरवठा विमानातून तोडून त्याला १२ व्होल्टची स्वतंत्र छोटी बॅटरी जोडली आणि इंजिन चालवले. शिट्टी होती तशीच राहिली. ज्या उपकरणाला अल्टरनेटरची वीजच मिळत नाही त्यातही अल्टरनेटर ऐकू येत असेल, तर वीजपुरवठ्याच्या वायरीवर कितीही उत्तम फिल्टर लावून उपयोग नाही; उरतो तो आवाजाच्या वायरींचा ग्राउंड.

उजव्या आसनाचे जॅक (हेडसेटचे प्लग जिथे बसतात ती सॉकेटे) पॅनेलच्या पत्र्यात इन्सुलेटिंग वॉशरशिवाय थेट आवळलेले आढळले. डाव्या आसनाला वॉशर आहेत. त्यामुळे आवाजाचा ग्राउंड दोन ठिकाणी सांगाड्याला टेकत होता: एकदा इंटरकॉममागे आणि एकदा उजव्या जॅकपाशी. दिवे, पंप आणि बॅटरी यांचा मोठा प्रवाह सांगाड्यातूनच परततो, त्यामुळे या दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक नेहमी राहतो आणि अल्टरनेटरचे उंचवटे त्या फरकावर स्वार झालेले असतात. मायक्रोफोनच्या वायरीला हे काही मिलिव्होल्ट बोलण्याइतकेच खरे वाटतात. इंटरकॉम ते इमानदारीने मोठे करून दोन्ही कानांत पोहोचवतो. लँडिंग लाइट लावल्यावर शिट्टी वाढत असल्याचेही दिसले होते; त्याचे कारणही यातून उलगडले.

उजवे दोन्ही जॅक पत्र्यातून बाहेर काढून, टेप गुंडाळून मोकळे लोंबत ठेवले आणि पुन्हा इंजिन चालवले. शिट्टी जवळजवळ गेली. किंचित उरली आहे ती मायक्रोफोनच्या वायरीतच असावी, कारण त्या वायरीची जाळीही दोन्ही टोकांना जोडलेली आहे.

१९ जानेवारी

इंटरकॉमचे वायरिंग उघडून आहे तसे कागदावर उतरवले. या कामाला अपेक्षेपेक्षा बराच जास्त वेळ लागला, कारण वायरींचे रंग कोणत्याही एका पद्धतीला धरून नाहीत आणि वेगवेगळ्या काळी केलेल्या जोडण्या एकाच पट्ट्याने आवळलेल्या आहेत.

विमानी हेडसेटचे दोन प्लग वेगळ्या मापांचे असतात: कानांसाठी ६.३५ मिलिमीटरचा आणि मायक्रोफोनसाठी त्याहून बारीक, सुमारे ५.२ मिलिमीटरचा. मायक्रोफोनच्या प्लगमध्ये टोकावर बोलण्याच्या बटणाची वायर असते, मधल्या कड्यावर आवाज आणि मागच्या भागावर ग्राउंड. जुन्या कार्बन मायक्रोफोनला चालण्यासाठी बाहेरून वीज लागत असे. आजच्या मायक्रोफोनमधील छोटा अँप्लिफायरही त्याच चालीवर चालतो, त्यामुळे इंटरकॉम आवाजाच्याच वायरीवरून एका रेझिस्टरमार्गे काही व्होल्ट पुरवतो. या सवयीचा तपासणीत मोठा उपयोग होतो, कारण मायक्रोफोनची वायर सुदृढ आहे की नाही हे साध्या मल्टिमीटरने कळते.

हेडसेट जोडून मोजल्यावर डाव्या जॅकवर हा विद्युतदाब स्थिर होता. उजव्या जॅकवर तो कमी होता आणि वायर हलवली की खालीवर होत होता. पॅनेलच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, एक जोड सोल्डर करून त्यावर साधी चिकटपट्टी गुंडाळलेली सापडली; आत तांबे हिरवे पडले होते. उजव्या आसनाचा आवाज क्षीण होण्याचे कारण हेच.

कानांच्या बाजूला एक किरकोळ गोष्ट दिसली. उजवा जॅक स्टिरिओ आहे, पण विमानात ठेवलेला जुना हेडसेट मोनो आहे. मोनो प्लगचा लांब मागचा भाग स्टिरिओ जॅकच्या मधल्या संपर्काला ग्राउंडशी जोडतो आणि इंटरकॉमची एक वाहिनी शॉर्ट होते. नवीन जोडणीत याची दखल घेतली आहे.

२५ जानेवारी

दोन्ही आसनांसाठी नवीन वायरिंग तयार केले. जुन्यातील चांगले तुकडे राखून जोड देण्याचा विचार सोडून दिला. जोड जितके कमी तितके पुढचे शोधकाम कमी. मायक्रोफोनसाठी पिळलेल्या वायरींवर शिल्ड असलेली, उष्णता सोसणाऱ्या आवरणाची विमानी वायर वापरली. आवाजाचा परतीचा प्रवाह आता जाळीतून नव्हे, आतील स्वतंत्र वायरीतून जातो. जाळी केवळ इंटरकॉमच्या टोकाला जोडली आहे आणि जॅककडे ती कापून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवली आहे. चारही जॅकना छिद्रात उतरणारी कड असलेले इन्सुलेटिंग वॉशर बसवले. इंटरकॉमचा आणि रेडिओचा ग्राउंड एकाच बिंदूवर आणला.

वायरिंगचा मार्ग बदलला. आधी ते मॅग्नेटोच्या स्विचमागून अँटेनाच्या केबलला बांधत गेले होते. आता ते पॅनेलच्या खालच्या कडेने वेगळे जाते आणि स्ट्रोबच्या केबलला ओलांडायचे तिथे काटकोनात ओलांडते.

इंटरकॉमचा कनेक्टर न जोडता प्रत्येक जॅकच्या ग्राउंडपासून पत्र्यापर्यंतचा रेझिस्टन्स मोजला. कोठेही जोड दिसला नाही. कनेक्टर जोडल्यावर तो एकाच मार्गाने दिसला. इंजिन चालवल्यावर शिट्टी ऐकू आली नाही, ध्वनिमुद्रणातही ३,६०० हर्ट्झपाशी काही उठून दिसत नाही. उजव्या आसनाचा आवाज डाव्याच्या बरोबरीला आला आहे.

२६ जानेवारी

स्ट्रोबच्या केबलची जाळी वीजपुरवठ्याच्या पेटीला आणि पंखाच्या टोकाशी असलेल्या दिव्यालाही जोडलेली होती. दिव्याकडचे टोक सोडवून इन्सुलेट केले. टिचकी गेली.

१ फेब्रुवारी

उरलेल्या दोन गोष्टी म्हणजे प्रक्षेपणाच्या वेळची किंचाळी आणि तडतडीचा पातळ अवशेष. डमी लोडवर बटण दाबले की किंचाळी नाही, अँटेनावर दाबले की आहे, आणि तीही पट्ट्याच्या वरच्या टोकाला. याचा अर्थ अँटेनातून बाहेर जायला हवी अशी शक्ती कॉकपिटमध्ये परतून मायक्रोफोनच्या वायरींत शिरते आणि इंटरकॉममध्ये तिचे पुन्हा आवाजात रूपांतर होते.

परावर्तन मोजणाऱ्या मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे सांगणारा आकडा; आदर्श १) ११८ मेगाहर्ट्झला २ च्या थोडा वर होता, तर १३६ ला ३ च्याही पुढे गेला. हा आकडा ३ असतो तेव्हा पाठवलेल्या शक्तीचा चौथा भाग परत येतो, २ असतो तेव्हा सुमारे नववा. १२७ मेगाहर्ट्झला तरंगलांबीचा चौथा भाग साधारण ५९ सेंटिमीटर भरतो आणि अँटेनाच्या दांड्याची लांबी तेवढीच आहे, त्यामुळे दोष दांड्यात नव्हता. अशा अँटेनाचा उरलेला अर्धा भाग म्हणजे तिच्याखालचा पत्रा होय, आणि तिथेच घोळ निघाला: अँटेनाच्या तळाखाली रंगाचा पूर्ण थर होता, स्क्रूंना गंज चढला होता आणि केबलच्या बीएनसी कनेक्टरमध्ये जाळीचे तांबे काळे पडले होते. केबलच्या बाहेरच्या जाळीला पत्र्याशी नीट नाते उरले नाही, तर तिच्या बाहेरील पृष्ठभागावरून प्रवाह वाहू लागतो; बाहेर जाताना तो मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि आत येताना पॅनेलमागची तडतड गोळा करून आणतो. दोन्ही उरलेल्या तक्रारींचे मूळ त्यामुळे एकच ठरले.

तळाखालचा रंग अँटेनाच्या ठशापुरताच खरवडून पत्रा उघडा केला, गंजरोधक प्रक्रिया केली, नवीन स्क्रू लावले आणि कडा सीलंटने बंद केली, म्हणजे पाणी पुन्हा आत जाणार नाही. केबल बदलताना आरजी-५८ ऐवजी चांदीचा मुलामा असलेल्या दुपदरी जाळीची आरजी-४०० घेतली. जोडणीनंतर एसडब्ल्यूआर संपूर्ण पट्ट्यात २ च्या खाली आहे. नियंत्रकांची परवानगी घेऊन त्यांनी दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर छोटी चाचणी घेतली, किंचाळी नाही. आणीबाणीच्या १२१.५ मेगाहर्ट्झवर अशी चाचणी घ्यायची नसते, म्हणून ती फ्रिक्वेन्सी केवळ ऐकून तपासली.

८ फेब्रुवारी

उड्डाणातील चाचणी झाली. दूरच्या स्थानकाचे बोलणे क्रूझच्या, म्हणजे सरळ प्रवासाच्या, फेऱ्यांवर स्वच्छ ऐकू येते, सर्व दिवे व पंप चालू असतानाही शिट्टी नाही. परतताना हलक्या सरीतून जावे लागले, तेव्हा एक नवी फसफस काही वेळ ऐकू आली. पावसाचे थेंब आपटून विमानावर विद्युतभार साचतो आणि सांगाड्याशी नीट न जोडलेल्या भागांतून तो ठिणग्यांच्या रूपाने सुटतो; इंटरकॉमच्या कामाशी याचा संबंध नाही. उतरल्यावर हलत्या पृष्ठभागांना सांगाड्याशी विजेने जोडणाऱ्या बाँडिंग पट्ट्या मिलिओहम मीटरने मोजल्या. उजव्या एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीची) पट्टी बिजागरीपाशी पिचलेली निघाली, ती बदलली आहे. पावसातील उड्डाणाची वाट मुद्दाम पाहायची नसल्यामुळे हा मुद्दा तक्रारवहीत निरीक्षणाखाली ठेवला आहे.

इंटरकॉमचा स्वयंचलित मायक्रोफोन-दरवाजा (बोलणे सुरू झाले की मायक्रोफोन उघडणारी सोय) क्रूझच्या गोंगाटात पुन्हा जुळवावा लागला. जमिनीवर जुळवलेली पातळी हवेत फार संवेदनशील ठरते आणि श्वासोच्छ्वासालाही उघडते.

अभियंत्यांनी काम तपासून लॉगबुकमध्ये नोंद केली. वायरिंगचा नवा आराखडा, प्रत्येक जॅकवरील मोजमापे आणि एसडब्ल्यूआरचे आकडे विमानाच्या कागदपत्रांत लावले आहेत. १०० तासांच्या पुढील तपासणीत उजव्या मॅग्नेटोच्या पी-लीडची जाळीही उघडून पाहायची आहे, कारण ती डाव्या वायरीच्याच वयाची आहे आणि त्याच कंपनात राहते.